उन्हाळ्यापुरती मागून नेलेली पोरगी

रत्ना, तू मला फसवलंस. दोन महिन्यांसाठी म्हणून माझी पोरगी मागून नेलीस आणि परत केली नाहीस. बाजारात माझ्याशी कुणी असा व्यवहार केला असता, तर मी त्याला चार माणसांत उभं करून विचारलं असतं. तू मेलीस म्हणून सुटलीस असं समजू नकोस.

तुझ्या जलदानाच्या दिवशी वंदना झाल्यावर तुझे विद्यार्थी माझ्याजवळ येऊन बसले. तुझ्यावर एक पुस्तिका काढणार आहेत. "मावशी, तुम्ही मॅडमच्या लहानपणच्या मैत्रीण. तुम्ही लिहा." मी विचारलं, "चांगलं लिहू का खरं लिहू?" त्यांच्यातली एक धीट पोरगी म्हणाली, "मॅडम म्हणायच्या, आधी खरं लिहा, चांगलं नंतर त्यात सापडतं." म्हणजे परवानगी तुझीच आहे. मग ऐक.

पिंपळगाव रेणुकाईच्या माळावर आपण दोघी बकऱ्या राखायचो. माझ्या सात, तुझ्या चार. नववीपासून तू माझ्यासमोर हात जोडायला लागलीस, "छबू, आजच्या दिवस माझ्याबी बघ की, पेपर हाय." आजच्या दिवस म्हणता म्हणता दोन वर्षं तुझ्या बकऱ्या मी वळल्या. तू हिवराच्या सावलीत पुस्तक घेऊन बसायचीस आणि मी अकरा बकऱ्यांच्या मागं ओरडत फिरायचे. माझा आवाज असा चढा का, म्हणून लोक विचारतात. तो तिथं चढला. दहावीला तू शाळेत पहिली आलीस. मीही पास झाले, पण ते माझ्या घरात कुणाला आठवत नाही, कारण त्याच महिन्यात माझं लग्न होतं.

तू जनावरांची डॉक्टर झालीस. पण बकरीच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढून आत बघायचं, हे तुला कुणी शिकवलं? आत लाल दिसलं तर बकरी धड, फिक्कट दिसलं तर पोटात जंत रक्त पिऊन राह्यलेत, हे तुला कॉलेजच्या आधी मी सांगितलं. माळावर. फुकट. मला ते माझ्या आजीनं दाखवलं होतं. पुढं तू ते पुस्तकातून पुन्हा शिकलीस आणि तुझ्या नावापुढं डॉक्टर लागलं. माझ्या नावापुढं बकऱ्यावाली लागलं. मी त्याची लाज धरली नाही. नवरा गेल्यावर दोन पाटी, म्हणजे तरण्या बकऱ्या, घेऊन जालन्याला आले, मस्तगडला एका खोलीत राहिले, आणि आज बाजाराच्या रस्त्याला माझी स्वतःची शेड आहे. त्यात तुझा हात नाही. हे मी तुला तोंडावर सांगितलं होतं, तेव्हा तू म्हणालीस, "मला माहीत हाय. म्हणून तर मला तुझी भीती वाटती." तुझं असं बोलणं मला कधीच आवडलं नाही. भांडायला जागाच ठेवायची नाहीस.

गेल्या वर्षी होळीनंतर तू माझ्या घरी आलीस. माझी प्रज्ञा तेव्हा तुझ्याच कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होती. चहा पिऊन झाल्यावर तू विषय काढलास.

"छबू, उन्हाळ्याचे दोन महिने प्रज्ञाला माझ्याकडं दे."

"का? घरी तिला खायला न्हाई का?"

मग तू समजावलंस. दर उन्हाळ्यात कॉलेज चार विद्यार्थी निवडतं. प्रत्येकानं एक छोटा प्रश्न घ्यायचा आणि सुट्टीभर एका शिक्षकाच्या हाताखाली त्याचं उत्तर शोधायचं. पाठ करायचं नाही, शोधायचं.

"चारात माझीच पोरगी कशी काय? वशिला लावलास?"

"मी मुलाखतीला न्हवते. तिनं अर्ज केला, तिची निवड झाली. जानेवारीतच."

जानेवारीत. आणि मी हे ऐकत होते होळीनंतर. पोरगी आतल्या खोलीत पुस्तकं आवरायचं सोंग करून राह्यली होती. तिला माझ्या आधी तुला सांगावंसं वाटलं, हे मला त्या क्षणी कळलं. तिथून जे पोटात जळायला लागलं ते अजून विझलेलं नाही.

तरी मी सौदा केला. "दोन महिने. बराबर दोन. मंग पोरगी माझी. डिग्री झाली की तिचा दवाखाना माझ्या शेडच्या बाजूला. कबूल?"

"कबूल," तू म्हणालीस. लगेच. मी इतकी वर्षं बाजारात उभी आहे. पहिल्याच बोलीला जो हो म्हणतो त्याच्या मनात काहीतरी वेगळं असतं, हे मला कळायला पाहिजे होतं. पण तू समोर होतीस, आणि तुझ्यापुढं मी नेहमी थोडी आंधळी व्हायचे.

प्रज्ञाचा प्रश्न काय निघाला? पापणी! बकऱ्या पाळणाऱ्या बाया पापणी बघून जे सांगतात, ते रक्ताच्या तपासणीशी किती जुळतं. जुळलं, तर सगळ्या कळपाला सरसकट औषध पाजायची गरज नाही, फिक्कट पापणीच्याच बकरीला पाजायचं. बायांचा खर्चा वाचतो आणि जंतांना औषधाची सवयही होत नाही. मी म्हटलं, "जंताचा जोर पावसाळ्यात, तुमच्या पोरांना सुट्टी उन्हाळ्यात. जंतानं तुमच्या कॉलेजची वाट बघायची का?" तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला. प्रज्ञाला म्हणालीस, "लिही. पहिला आक्षेप तुझ्या आईचा. बिलकुल बरोबर आक्षेप हाय. हाताला सवय उन्हाळ्यात लावू, खरी मोजणी पावसाळ्यात पुन्हा करू." पोरीनं ते वहीत लिहिलं. माझं बोलणं माझ्या पोरीनं लिहून घ्यायची ती पहिली वेळ. पण लिही म्हणाली कोण? तू.

मग ती बाजारात फिरायला लागली. हातात पाच रंगांचं कार्ड. लालभडक म्हणजे एक, पांढरीफटक म्हणजे पाच. बायांना पापणी बघून आकडा सांगायला लावायचा, तो लिहायचा, मग बकरीच्या मानेतून थोडं रक्त घेऊन नळी थंड पेटीत ठेवायची. ते रक्त तू कॉलेजात यंत्रात फिरवून त्यात लाल भाग किती ते मोजायचीस. माझ्याकडूनही प्रज्ञानं तीस-पस्तीस बकऱ्या तपासून घेतल्या. मी छाती पुढं काढून आकडे सांगितले. अख्ख्या बाजारात माझ्यासारखी नजर कुणाची नाही, हे माझे दुष्मनही सांगतील.

आठ दिवसांनी पोरगी शेडवर आली. तू तिच्या मागं होतीस.

"आई, सगळ्यात जास्त चुका तुझ्या निघाल्या."

माझे दोन गडी तिथं चारा टाकत होते. त्यांच्यासमोर. मी म्हटलं, "तुझं यंत्र चुकीचं असंल."

"यंत्र बरोबर हाय. तू खोटं सांगितलंस."

मी तिच्या हातातली वही हिसकावून लेंड्यांत फेकली. तू वाकून उचललीस, पदरानं पुसलीस, आणि एक एक ओळ बोटानं दाखवत पोरीला म्हणालीस, "हे बघ. जी बकरी आईला विकायची होती तिला तिनं एक-दोन सांगितलं. जी घ्यायची होती तिला चार-पाच. छबू खोटं न्हाई बोलत. छबू भाव बोलती."

मी त्या ओळी परत परत बघितल्या. कारण मला स्वतःलाही ते कळलं नव्हतं. मी मुद्दाम केलं नव्हतं गं. बाजारात बापे रुमालाखाली हात घालून सौदा करतात. जितकी बोटं दाबली तितका आकडा. ते दोघांनाच कळतं, बघणाऱ्याला काही नाही. रुमालाखाली माणूस खरं बोलू शकतो. पण बाईच्या हातावर रुमाल कोण टाकणार? म्हणून मी पहिल्या दिवसापासून तोंडानं भाव केला, ओरडून केला, आणि माझा प्रत्येक शब्द सगळा बाजार ऐकत आला. माझ्या बकरीला फिक्कट म्हणायला माझी जीभ उचलतच नाही. दुसऱ्याच्या बकरीला लाल म्हणायलाही नाही. डोळा खरं बघतो आणि तोंड दुसरंच बोलतं, आणि इतक्या वर्षांत मधली फट कुठं आहे ते माझं मलाही दिसेनासं झालं.

प्रज्ञा म्हणाली, "मॅम, आईचे आकडे काढून टाकू का?"

"काढायचे न्हाईत. आपण चुकीचं विचारलं, तिनं चुकीचं सांगितलं न्हाई," तू म्हणालीस. मग अंगातला पांढरा ॲप्रन उतरवलास, माझा उजवा हात ओढून आपल्या हातात घेतलास आणि वरून तो ॲप्रन टाकलास. "आता तोंडानं बोलू नको. डाव्या हातानं पापणी बघ, आणि मला बोटं दाब."

गडी बघत होते. मला हसू आलं, रागही आला. पहिली बकरी माझीच होती, गिऱ्हाईक ठरलेली. पापणी ओढली. आत फिक्कट होती. मी तुझी चार बोटं दाबली. माझ्या विकायच्या बकरीला मी चार म्हणाले, आणि आकाश कोसळलं नाही. तू प्रज्ञाच्या कानात आकडा सांगितलास. पुढची, मग त्याच्या पुढची. दोन तास आपण तशा उभ्या होतो, हात घामानं ओले, ॲप्रन माझ्या मनगटाला चिकटलेला. चाळीस बकऱ्या. रक्ताचा निकाल आला तेव्हा त्यातल्या दोनच चुकल्या होत्या, आणि त्याही एका आकड्यानं.

रत्ना, माझ्या आयुष्यात माझ्या हातावर कुणी रुमाल टाकला असेल तर तो तू टाकलास. हे मी तुला सांगायला पाहिजे होतं. मी काय म्हणाले? "चल, झालं ना तुझं, ॲप्रन धुऊन घे, वास मारतोय."

त्यानंतर पोरगी माझी राहिली नाही. घरी आली की तुझ्यासारखा बिनसाखरेचा चहा. मी काही म्हटलं की, "असं वाटतं खरं आई, पण मोजलं का?" हे तुझं वाक्य, तुझ्या सुरात, माझ्या स्वयंपाकघरात! भाकरी करताना एकदा ती मला सांगायला लागली की माझ्या आजीला जे डोळ्यानं कळत होतं ते पुढं जगात कुणी कुणी मोजून पाहिलं. मी म्हटलं, "माझी आजी हाय ती, मला शिकवू नको." तिनं बाहेर जाऊन तुला फोन लावला. अर्धा तास हसत होती. मी तव्यावरची भाकरी करपू दिली, आणि तीच तिच्या ताटात वाढली. तिनं ती सगळी खाल्ली. तुझ्यावरचा राग मी असा पोरीच्या ताटात वाढत होते.

दिवाळीनंतर कॉलेजात चारही पोरांनी आपापलं काम भिंतीवर लावून सगळ्यांसमोर सांगितलं. तू गाडी पाठवून मला बोलावलंस. मी नवीन साडी नेसून आले. प्रज्ञा बोलायला उभी राहिली. इतकं स्वच्छ बोलली पोरगी. पण मी भिंतीवरच्या त्या मोठ्या कागदावर माझं नाव शोधत होते. तुझं नाव होतं. प्रज्ञाचं होतं. कॉलेजात रक्ताचं यंत्र सांभाळणाऱ्या माणसाचंही होतं. मी कुठं होते? "एक अनुभवी शेळी-व्यापारी महिला." आणि ॲप्रनचं काय? "नोंदी खासगीत घेतल्या." माझी उभी हयात चार शब्दांत.

बाहेर झाडाखाली मी तुला धरलं. "माझं नाव का न्हाई?"

"नियम हाय छबू. ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांचं नाव द्यायचं न्हाई. तुझ्याच भल्यासाठी. उद्या बाजारात कुणी म्हणू नये की छबूनं आधी चुकीचे आकडे सांगितले."

"माझं भलं मला कळतं. दोन वर्षं तुझ्या बकऱ्या राखल्या, तवा बी माझं नाव कुठं न्हवतं."

तू पांढरी पडलीस. एवढं जुनं मी काढेन, असं तुला वाटलं नव्हतं. तू काहीतरी बोलणार होतीस, तेवढ्यात प्रज्ञा धावत आली, हातात मिठाईचा डबा. आणि तो तिनं पहिल्यांदा कुणापुढं धरला? मी तिच्याजवळ उभी होते, एका हातावर. तिनं तुझ्यापुढं धरला. लगेच चूक लक्षात आली तिच्या, माझ्याकडं वळवला. मी म्हटलं, "मला गोड चालत न्हाई." चालतं की मला. तुला माहीत होतं.

तू काय बोलणार होतीस? मला ते पाहिजे आहे. त्यानंतर तू चार वेळा फोन केलास, मी उचलला नाही. पाचव्यांदा उचलला तो भांडायलाच, कारण आदल्या दिवशी पोरगी म्हणाली होती, "आई, डिग्रीनंतर मला दवाखाना नको. मला जंतांवरच पुढं शिकायचंय. पुढच्या उन्हाळ्यात गावागावातल्या बायांना पापणी बघायला शिकवायचा दुसरा भाग आहे, माझी निवड झालीय, मॅमनी सहीपण केलीय." मी फोनवर तुला म्हटलं, "तू सौदा मोडलास." तू म्हणालीस, "छबू, मी मोडला न्हाई. तिला तुझ्यासारखीच नजर हाय, मी काय करू? ये ना घरी. समोरासमोर भांडू." मी म्हटलं, "मला टाइम न्हाई." त्यानंतर तुला एकदम दवाखान्यात नेलं, आणि मला टाइम मिळाला तेव्हा तू बोलत नव्हतीस.

तुझ्या अंत्ययात्रेत प्रज्ञा कशी रडली ते तू बघितलं नाहीस, मी बघितलं. तुझा चष्मा छातीशी धरून रडत होती. तिचा बाप गेला तेव्हा ती लहान होती, रडली नव्हती. मी तिथं उभी राहून काय विचार करत होते सांगू? मी गेले तर ही इतकी रडेल का? आपल्या मैत्रिणीला निरोप देताना माझ्या मनात हे होतं. लाज वाटते लिहिताना, पण खरं लिहायचं ठरलंय.

आता ऐक पुढं. पोरगी सुट्टीला घरी आली आहे. पहिल्याच दिवशी म्हणाली, "आई, तुझं बरोबर होतं. डिग्री झाली की शेडच्या बाजूला दवाखाना टाकू." मला जे पाहिजे होतं ते सगळं एका वाक्यात मिळालं. मी आनंदानं नाचायला पाहिजे होते. पण ती शेडवर येते, कोपऱ्यात खुर्चीवर बसते आणि एकाही बकरीची पापणी ओढत नाही. परवा एक पाट खाली मान घालून उभी होती, आंधळ्यालाही दिसली असती. ही मोबाईल बघत बसली. वही मी मागितली तर म्हणाली, "टाकून दिली." टाकली नाही, मला माहीत आहे, तिच्या बॅगेत तळाला आहे. मी तिला ओरडले, "बघ की पापणी!" तर म्हणाली, "कशाला? कुणाला दाखवू?"

म्हणून मी तुझ्या कॉलेजात गेले. तुझ्या विभागप्रमुखांना भेटले. ते सज्जन दिसले, पाणी दिलं. म्हणाले, यंदा चारही पोरांचं उन्हाळ्याचं काम तुझ्याच हाताखाली होतं, आता गाईडच नाही, म्हणून रद्द केलं. चारही पोरांना कळवलंय.

"दुसऱ्या कुणाच्या हाताखाली द्या की."

"इतरांचे विषय वेगळे आहेत, बाई. पुढच्या वर्षी पाहू."

"साहेब, बाजारात मालक मेला म्हणून जनावरं उपाशी ठेवत न्हाईत."

"हा बाजार नाही."

"ते दिसून राह्यलं."

उठून आले. एरवी मी इतक्या लवकर उठत नाही. पण बाहेर तुझ्या खोलीच्या दाराला कुलूप दिसलं, तुझ्या नावाची पाटी अजून तशीच, आणि परत आत जायचं सोडून मी रस्त्याला लागले.

रत्ना, मी तुझ्यावर जळले, आणि तू असतीस तर अजूनही जळले असते, रोज, पोटभर. उद्या तुझ्याजागी दुसरी कुणी बाई उभी राहिली, माझी पोरगी तिच्यासारखा चहा प्यायला लागली, मिठाईचा डबा तिच्यापुढं आधी धरायला लागली, तर मी तिच्यावरही जळेन. माझी तयारी आहे. पण अशी खुर्चीत बसलेली पोरगी मला नको. ही मला परत मिळालेली नाही. ही तुझ्याबरोबर गेलेली आहे आणि नुसती माझ्या घरात जेवते आहे.

विभागप्रमुख साहेब, ही पुस्तिका तुमच्या टेबलावर येणार आहे, म्हणून तुम्हालाच लिहिते. चार पोरांनी अर्ज केले, मुलाखती दिल्या, त्यांची निवड झाली. गेलेल्या बाईनं त्यांच्या कागदांवर सह्या करून ठेवल्या होत्या, म्हणजे काम तिनं थांबवलेलं नाही. ते जिवंत माणसानं थांबवलंय. त्या माणसाचं नाव मला पाहिजे. आणि या उन्हाळ्यात माझ्या पोरीला कोण शिकवणार, त्याचंही. विषय वेगळा असला तरी चालेल, माणूस दाखवा. पुस्तिका तुमच्या हाती पडली की पुढच्याच सोमवारी सकाळी अकरा वाजता मी तुमच्या दारात येते आहे, प्रज्ञाला घेऊन, बाकीच्या तिघांनाही घेऊन. 'पाहू' ऐकून मी परत जाणार नाही. जबाब द्या.